कंट्रोलची गावं

माझी मुलगी गांबियात कंट्रोलचं काम बघते, असं मी दीडेक वर्ष लोकांना सांगत होतो आणि लोक मला मान देत होते. यात लबाडी नव्हती. तिनंच सांगितलं होतं. रविवारी तिचा फोन यायचा. आधी ही घ्यायची. ही म्हणजे माझी बायको. मग रिसीव्हर माझ्या कानाला लावायची आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं कान चिकटवून उभी राहायची. त्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, या वीकमध्ये मी सगळी कंट्रोलची गाव फिरली." लाइन खरखरत होती. मी विचारलं, "माल बरा येतो का?" ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "चांगलं काम आहे, कर," आणि फोन परत हिच्याकडं दिला.

आता कंट्रोल म्हणजे काय हे माझ्या वयाच्या माणसाला कुणी शिकवायला नको. आमच्या कागल भागात रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणायचे. कंट्रोलचं रॉकेल, कंट्रोलचं मांजरपाट, आणि शेवटी शेवटी कंट्रोलचा तो तांबडा मिलो, परदेशी ज्वारी. अमेरिकेत तो डुकरांना घालतात असं प्रत्येक जण सांगायचा आणि सांगून झालं की रांगेत उभा राहायचा. मी कामाच्या व्हाउचरवर इंग्लंडला आलो तो मिलो खाऊनच आलो. त्यामुळं पोरगी एवढी शिकली, नावामागं डॉक्टर लागलं आणि इथल्या लोकांनी तिला आफ्रिकेत धान्यवाटपावर नेमली, हे मला सरळ वाटलं. डॉक्टर म्हणवते आणि साधा खोकला बघत नाही, हे मला कधी पटलं नव्हतं. त्यापेक्षा हे बरं.

ही म्हणाली, "मलेरियाचं काहीतरी म्हणत होती ती."

"मलेरिया वेगळा, कंट्रोल वेगळं," मी म्हटलं. "उपाशी माणसाला हिवताप लवकर धरतो. दोन्ही बघावं लागतं."

हिनं मान हलवली. माझं बोलणं पटलं तर ही भांडायची. पटलं नाही तर मान हलवायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी सातवीपर्यंत शिकलो. लंडनजवळ स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटीत रंगाच्या कारखान्यात डबे भरायचं आणि पुढं फोर्कलिफ्ट चालवायचं काम केलं. ही विमानांच्या जेवणाचे ट्रे लावायची. दोघांनी मिळून एक मुलगी शिकवली. तिनं शिकत शिकत आम्हांला न कळणाऱ्या जागी जाऊन बसायचं हे त्या शिकवण्यातच येतं, त्याची तक्रार नाही.

फेब्रुवारीत ही गेली. सकाळी माझ्याशी गॅसच्या बिलावरून बोलली आणि दुपारी हॉस्पिटलात पोचेपर्यंत नव्हती. हार्ट. मुलगी नदी ओलांडून, जीपनं, मग विमानानं निघाली. पोचते की नाही म्हणून तिकडं तिचा जीव वरखाली होत होता. मी म्हटलं, सावकाश ये. इथं माणूस मेलं तरी अपॉइंटमेंट लागते. स्मशानाची आमची तारीख इतक्या उशिराची मिळाली की तेराव्याचं जेवण आधी की अग्नी आधी, हा प्रश्न गुरुजींनाच पडला. त्यांनी पुण्याला त्यांच्या गुरूंना फोन केला. पुण्याहून उत्तर आलं की देशकालपरिस्थिती पाहावी. ते आम्ही पाहतच होतो.

ती थोडे दिवस राहिली आणि परत गेली. तिकडं पाऊस सुरू व्हायच्या आत कसली तरी तयारी करायची होती. मग ऑगस्टात आली, तीन आठवडे.

हीथ्रोवरून घरी येताना गाडीतच तिनं सांगून टाकलं. लंडनच्या तिच्या युनिव्हर्सिटीनं दोन गोष्टी पुढं ठेवल्या होत्या. एक, गांबियात आणखी दोन वर्षं. दुसरी, लंडनात टेबलखुर्ची, कायमची नोकरी. स्लाऊहून रोज ट्रेननं जाता येईल अशी. उत्तर सुट्टी संपायच्या आत द्यायचं.

"तुम्हांला काय वाटतं, बाबा?"

"बघ तुझं तू," मी म्हटलं.

मला ती इथं हवी होती. हे इथंच लिहून ठेवतो म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. घरात दोन झोपायच्या खोल्या, त्यांतली एक नुसती दार लावून ठेवलेली. स्वयंपाक मला येतो तेवढा येतो. पण माणसाला कुणाशी तरी तोंड वाजवायला लागतं, आणि माझं तोंड वाजवून घेणारं माणूस गेलं होतं. मात्र पोरीला "राहा" म्हणायचं हे माझ्यानं होणार नव्हतं. आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हटलेलं नाही. मी इंग्लंडला निघालो तेव्हा माझा बाप बैलाला वैरण घालत होता, तो तसाच घालत राहिला.

तिनं आल्या आल्या फ्रीजर उघडला. हिची एक सवय होती. आइस्क्रीमचे रिकामे डबे धुवून ठेवायची आणि त्यांत भाज्या, उसळी भरून गोठवायची. वर काही लिहायची नाही, कारण तिला ओळखता यायचं. मला यायचं नाही. मी डबा काढायचा, वितळू द्यायचा आणि मग कळायचं की आज पावटा आहे. आइस्क्रीम मात्र त्यांत कधी निघालं नाही. मी ते जपून खात होतो. आता थोडेच उरले होते.

"बाबा, ही कधीची आहे?" मुलीनं विचारलं.

"तुझ्या आईची."

"म्हणजे सिक्स मंथ्स. हे खायचं नाही आता. मी पब्लिक हेल्थमध्ये आहे, मला माहीत आहे."

"मग पब्लिकला नको देऊस," मी म्हटलं. "हात काढ तिथनं."

तिनं हात काढला.

त्याच आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. आमचं मंडळ म्हणजे पूर्वी आम्ही दहावीस घरं होतो. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये गणपती बसायचा. मग पुण्यामुंबईहून, नागपूरहून कॉम्प्युटरवाली पोरं आली आणि मंडळाला शाळेचा हॉल, माइक आणि अध्यक्ष मिळाले. हे अध्यक्ष पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बोलले की आधी शब्द येतात, अर्थ मागनं सावकाश चालत येतो.

"काका, आपल्या कन्या आल्या आहेत असं समजलं," ते म्हणाले. "यंदा गणेशोत्सवात त्यांचा हृद्य सत्कार करावा असं कार्यकारिणीच्या मनात आहे. आफ्रिकेतलं त्यांचं शिधावाटपाचं कार्य ऐकून आम्ही भारावलो आहोत."

"करा," मी म्हटलं. "मला भाषण करायला लावू नका म्हणजे झालं."

"नाही नाही. आपण नुसतं पुढच्या रांगेत बसा."

मुलीला सांगितलं, मंडळात तुझा सत्कार आहे. ती म्हणाली, "सत्कार म्हणजे?" मी म्हटलं, "शाल घालतात, नारळ देतात, आपण गप्प बसायचं." ती म्हणाली, "ओके." आईची साडी काढून नेसली. कशीबशी, पिना मारून.

रविवारी दुपारी हॉल भरला होता. गणपतीच्या एका बाजूला बासमतीच्या पिशव्यांचा ढीग होता. इंडियन दुकानात मिळतात तसल्या, झिप लावलेल्या. मला वाटलं, महाप्रसादाचे तांदूळ. मुलीला स्टेजवर बसवलं. अध्यक्ष उठले आणि त्यांनी सुरू केलं. अन्नपूर्णेचा वसा काय, सातासमुद्रापार काय, क्षुधार्तांच्या मुखी घास काय. माझी पोरगी स्लाऊमध्ये जन्मलेली. तिला "क्षुधार्त" कुठनं कळणार? माझीच पंचाईत होती. ती बिचारी जिथं सगळे टाळ्या वाजवतील तिथं हसत होती. दिसायला फार विनयशील दिसत होतं.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आणि म्हणूनच, आपल्या मंडळाच्या भगिनींनी गांबियातल्या कंट्रोलच्या गावांसाठी हा खारीचा वाटा जमवला आहे." आणि हात त्या तांदळाच्या पिशव्यांकडं केला.

यातला 'कंट्रोल' तेवढा तिला कळला. तिनं पिशव्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवून "घे" म्हटलं.

माइक तिच्या हातात दिला. ती उभी राहिली. शाल एका खांद्यावरनं घसरत होती.

"थँक यू सो मच," ती म्हणाली. "पण आम्ही राइस देत नाही. तिकडे त्यांच्याकडे राइस आहे. ते लोक रोज राइस आणि फिश खातात, एका मोठा बाउलमधून, सगळे मिळून. मला पण देतात. आमचं काम मलेरियाचं आहे. घराला जाळी लावायची. दारं, खिडक्या, सगळं. म्हणजे मॉस्किटो आत येत नाही. काही गावांना ती जाळी आम्ही लावली. आणि बाकीची गाव कंट्रोल."

"हां, म्हणजे त्यांना धान्य," अध्यक्ष मदतीला धावले.

"नाही. कंट्रोल म्हणजे त्यांना काही नाही द्यायचं."

तांदूळ जमवलेल्या भगिनी एकमेकींकडं बघू लागल्या.

"काही नाही म्हणजे, थोडं कमी?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. झिरो."

दुसऱ्या रांगेत नागपूरच्या एक आजी बसल्या होत्या, नातवंडं सांभाळायला आलेल्या. त्या बसल्या जागेवरनं म्हणाल्या, "मग तिथं जाऊन करतेस काय वं बाई तू?"

"मोजते," मुलगी म्हणाली. "त्यांच्या घरात ट्रॅप लावतो आम्ही. सकाळी त्यातले मॉस्किटो मोजायचे. मुलांच्या बोटातून ब्लड घ्यायचा, बघायचा. कोणी आजारी असेल तर औषध देतो. औषध सगळ्यांना. जाळी फक्त अर्ध्यांना. दोन्ही कंपेअर करायला पाहिजे ना, जाळीनं खरंच फरक पडतो का ते."

"म्हणजे आमच्या अप्रेझलसारखंच," मागनं एक कॉम्प्युटरवाला म्हणाला. "वर्षभर मोजतात, देत काही नाहीत."

हशा पिकला. मी हसलो नाही. दीड वर्ष ज्या दुकानाचं मी लोकांना सांगत होतो, त्या दुकानात माल नव्हताच. दुकान उघडं, तराजू चोख, आणि द्यायला काही नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभा राहिलो. मला कुणी माइक दिला नाही, मला तो लागत नाही.

"जाळी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"लॉटरी, बाबा. त्यांच्या गावातल्या मोठ्या लोकांनीच बॅगमधून चिठ्ठी काढली. सगळ्यांसमोर. आम्ही नाही ठरवलं."

"आमच्या गावात डीडीटी मारायला आले होते," मी म्हटलं, "तेव्हा मी पोरसवदा होतो. पाठीला पंप बांधलेली माणसं आली आणि गावातल्या सगळ्या घरांत मारून गेली. पाटलाच्या पण आणि महारवाड्यात पण. चिठ्ठ्या टाकत बसली नाहीत."

टाळ्या पडल्या. मला जन्मात पहिल्यांदा टाळ्या पडल्या. देवघरात आणि चुलीपाशी बायकांनी ती मारू दिली नव्हती, आणि नंतर ढेकूण दुपटीनं वाढले म्हणून गावानं त्या पंपवाल्यांना शिव्या घातल्या, एवढं सांगायचं राहिलं. टाळ्या चालू होत्या.

"आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही, त्यांना कधी मिळणार?" मी विचारलं.

"नंतर."

"नंतर म्हणजे कधी? एवढं सांग."

तिनं घसरलेली शाल सावरली. मग म्हणाली, "बाबा, घरी बोलू," आणि माइक अध्यक्षांना देऊन टाकला. अध्यक्षांनी ताबडतोब आरती घेतली. आरतीच्या गोंधळात दोघीतिघींनी आपापली तांदळाची पिशवी उचलून गाडीत ठेवली. बाकीच्या पिशव्यांचा पुढच्या रविवारी मसालेभात झाला. चांगला झाला होता म्हणतात.

आम्ही घरी आलो. तिनं साडी सोडली, पायजमा घातला आणि काही न विचारता फ्रीजरमधला एक डबा काढून गरम करायला ठेवला. वांगं निघालं. मी भात लावला. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो.

"तुम्ही सगळ्यांसमोर मला ओरडला," ती म्हणाली.

"ओरडलो नाही. विचारलं. विचारायचं नाही?"

"विचारा. पण मग ऐका पण. तुम्ही विचारता आणि टाळ्या घेता."

हे बोलणं आईवर गेलेलं होतं. मी वांगं वाढून घेतलं.

"तुमच्या गावात डीडीटीनं मलेरिया किती कमी झाला, ते कोणी मोजलं?" तिनं विचारलं.

"कमी झाला. दिसत होता की."

"आणि परत आला. सगळ्या इंडियात परत आला. का आला? आपल्याला नीट माहीत पाहिजे ना. समजा मी सगळ्यांना जाळी लावली आणि त्या वर्षी पाऊसच कमी पडला. मॉस्किटो कमी. मी म्हणणार, बघा माझी जाळी किती छान. मग कोणीतरी सगळ्या देशात ती जाळी लावणार, आणि ती खोटी असणार. म्हणून कंट्रोल लागतो. आणि त्या लोकांना आम्ही हे सांगितलंय. व्हिलेज हेडकडे कोला नट, आपल्या सुपारीसारखं, घेऊन जायचं, बसायचं, सगळं सांगायचं. त्यांनी खूप प्रश्न विचारले. तुमच्यापेक्षा चांगले."

"काय विचारलं?"

"एक बाई म्हणाली, मच्छर दारातून कशाला येईल, ते काय पाहुणे आहेत? ते वरून येतात. ती बरोबर होती. रूफ आणि वॉलच्या मध्ये गॅप असते ना, घराच्या वर, सगळीकडे. तिथून."

"वळचण," मी म्हटलं.

"काय?"

"त्या जागेला वळचण म्हणतात."

"वळचन," ती म्हणाली. तिच्या तोंडात 'ण' बसत नाही. आम्ही तिला शिकवला नाही असं नाही, पण तिला वळचण हा शब्द ठाऊक नव्हता यात नवल काय? स्लाऊच्या कौन्सिलनं बांधलेल्या घरांना वळचण नसते. लागलाच नाही तो शब्द घरात कधी. मला मात्र एकदम आमचं घर दिसलं. भिंतीवर टेकलेलं छप्पर, मधली फट, तिच्यात खोचलेले विळे, आणि संध्याकाळी तिथनं भणभणत आत येणारे डास. तोवर मी गांबिया म्हणजे वाळवंट समजत होतो.

पण माणूस हरायला लागला की जवळचा धोंडा उचलतो. मी उचलला.

"मग मी पण तुझं कंट्रोलचं गाव," मी म्हटलं. "दर रविवारी फोन. बाबा, जेवलात? बाबा, झोप लागली? बीपीची गोळी घेतली? सगळं मोजतेस आणि फोन ठेवतेस. देत काही नाहीस."

तिनं चमचा खाली ठेवला. ती रडणाऱ्यांतली नाही. हीसुद्धा नव्हती.

"कंट्रोलला शेवटी मिळतं, बाबा," ती म्हणाली. "आम्ही तसा प्रॉमिस केलाय त्यांना. मोजणं झालं, जाळी चालते हे कळलं, की कंट्रोलच्या सगळ्या गावांना ती लावायची. मोजणं झालं आता. जाळी चालते."

"मग लावा की."

"तीच तर ही दोन वर्षं आहे. ती पोस्ट त्याचीच आहे. तुम्हांला काय वाटलं, परत मोजायला जाते मी?"

मी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"मोजायला जायला पुष्कळ लोक तयार असतात," ती म्हणाली. "त्यातून पेपर निघतो, नाव होतं. जाळी नुसती लावायला कोण जातो? सुतार शोधा, लाकूड शोधा, ट्रक बंद पडला की उभे राहा. त्यातून काही निघत नाही. माझा बॉस म्हणाला, तू नाही गेलीस तर बघू कोणी मिळतं का."

"आणि नाही मिळालं तर?"

"मग उशीर होणार. एक पावसाळा जाणार, कदाचित दोन. प्रॉमिस आहे, पण डेट नाही त्यावर."

दुपारी भरल्या हॉलात मी त्या गावांचा वकील झालो होतो. फी म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. संध्याकाळी ते अशील माझ्याच टेबलाशी येऊन बसलं. आता मी काय म्हणणार? त्यांना थांबू दे, त्यांना सवय आहे? हेच तर कंट्रोलचा दुकानदार आम्हांला म्हणायचा. माल आला नाही, उद्या या. आम्ही उद्या जायचो.

"लंडनच्या टेबलखुर्चीचं काय?" मी विचारलं.

"ती पण चांगली आहे. मी रोज इथं येणार. तुम्ही पण एकटे नाही." मग म्हणाली, "बाबा, मी तुम्हांला खरंच विचारते. तुम्ही म्हणाला राहा, तर मी राहते. मला राग येणार नाही."

आमच्या घरात कुणी कुणाला न म्हटलेला शब्द तिनं वाढून पुढं ठेवला होता. मी तो उचलायचा तेवढा राहिला होता. वांगं गार होत होतं. हिचं वांगं कधी बिघडायचं नाही, सहा महिन्यांनीसुद्धा बिघडलं नव्हतं, पण गार झालं की तेल वर यायचं.

"राहा कशाला म्हणू?" मी म्हटलं. "आता अध्यक्ष विचारतील, नंतर म्हणजे कधी. मी काय सांगू त्यांना? जा."

"नक्की?"

"एकदा सांगितलं. भात घे अजून."

तिनं भात घेतला. थोड्या वेळानं मी म्हटलं, "फेब्रुवारीत मात्र ये. हिचं वर्षश्राद्ध आहे."

तिनं चमच्यातला भात परत ताटात ठेवला.

"काय झालं?"

"पावसाच्या आधी सगळं लागलं पाहिजे, बाबा. जानेवारीपासून मेपर्यंत तेवढाच टाइम असतो. मधून मी आली तर सुतार निघून जातात, शेंगदाण्याच्या कामाला, नाहीतर शहरात. मी ट्राय करते, पण..."

"ट्राय करू नकोस," मी म्हटलं. "तुझी आई काही मोजायला बसणार नाही कोण आलं आणि कोण नाही ते."

हे मी टाकून बोललो की धीर द्यायला बोललो, ते तिनंही विचारलं नाही. तिनं भांडी घासली. मी पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लंडनला फोन करून सांगितलं.

फेब्रुवारीत वर्षश्राद्ध झालं. बाहेर ओला बर्फ पडत होता. गुरुजी आले. तिशीतला मुलगा आहे, एरवी कुठल्याशा कंपनीच्या हेल्पडेस्कवर बसतो आणि रजा टाकून श्राद्धं करतो. त्यानं बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली, दर्भ काढला, आणि स्मोक अलार्मची बॅटरी आधी काढून ठेवली. शिकलेला माणूस. पिंडांचा भात मीच शिजवला होता. तो जरा चिकट झाला, पण गुरुजी म्हणाले, पिंडाला चिकटच बरा.

पिंड पानावर मांडले आणि फोन वाजला.

"घ्या काका," गुरुजी म्हणाले. "मुलीचा असेल तर आवाहन ऐकू दे तिला."

तिचाच होता. पण आवाज धड येत नव्हता. मागं ठाक ठाक चाललं होतं.

"बाबा, झालं का सुरू? सॉरी, इथं आवाज खूप आहे. आज सकाळपासून पहिला घर चालू आहे. ते वरची जागा बंद करतायत. थांबवू का त्यांना?"

"किती माणसं आहेत?"

"दोन सुतार. आणि गाव सगळा बघायला आलाय. ती बाई पण आहे. ती विचारते, तुझे बाबा कुणाबरोबर आहेत आत्ता? मी म्हटलं, गुरुजींबरोबर. ती म्हणते, मग ठीक आहे."

"थांबवू नकोस," मी म्हटलं. "चालू दे."

"तुम्हांला ऐकू येत नाही ना पण?"

"येतंय. तू बोलू नकोस. फोन तिकडं धर जरा."

तिनं धरला असावा, कारण आवाज मोठा झाला. मध्ये कुणीतरी काहीतरी ओरडलं, कुणी हसलं, आणि परत ठोकायला लागले. लाकूड ओलं नव्हतं, आवाजावरनं कळत होतं. मी फोन घेऊन पाटावर बसून राहिलो. समोर हिचा फोटो, पुढं पान, पानावर भात. गुरुजींनी एकदा घड्याळ बघितलं. त्यांना दुपारून हाऊन्स्लोत सत्यनारायण होता.

"काका," ते हळूच म्हणाले, "पिंड वाळतायत."

"वाळू देत," मी म्हटलं.